गंमत म्हणून देव केला, आणि मित्रच ग्रुप सोडून गेला

पत्र :

ताई, आमचा व्हिडिओ बनवणाऱ्या पोरापोरींचा ग्रुप आहे, सगळे नवशिके, पैसे कोणाकडेच नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या व्हिडिओत केविन मॅक्लाउडचं फुकट म्युझिक असतं. मजामजेत आम्ही त्याला देवच करून टाकलं. ग्रुपचं नाव केविनकृपा, त्याच्यावर स्तोत्र लिहिलंय, व्हिडिओ अपलोड करायच्या आधी सगळ्यांनी 'केविन पावो' टाकायचं, आणि जो क्रेडिट द्यायला विसरला त्याने प्रायश्चित्त म्हणून ते नाव शंभरदा टाइप करायचं. खूप धमाल चालायची. मागच्या आठवड्यात एका मित्राने लिहिलं की तेच तेच ट्रॅक ऐकून कंटाळा आलाय, आता ते स्वस्तातलं वाटतं. झालं, सगळे 'पाखंडी पाखंडी' करत त्याच्यावर तुटून पडले, काहींनी त्याच्या व्हिडिओंची पण खिल्ली उडवली, मी पण स्टिकर टाकत होते. रात्री तो ग्रुप सोडून गेला, मेसेजला उत्तर देत नाहीये. वर आईने ते स्तोत्र माझ्या फोनवर वाचलं. ती रोज मनापासून प्रार्थना करणारी, ती रागावली नाही पण एकदम गप्प झाली. आता सगळंच चुकीचं वाटायला लागलंय. ग्रुप बंद करू का? आणि केविनला हे सगळं कळलं तर त्याला काय वाटेल?
— केविनभक्त

उत्तर :

केविनभक्ते,

ग्रुप बंद करू नकोस. पण आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, त्या मित्राला एक मेसेज कर, बाकीचं सगळं नंतर.

मेसेजमध्ये 'अरे आम्ही मस्करी करत होतो' हे वाक्य चुकूनसुद्धा लिहू नकोस. त्याला ते माहितीये, तो पण त्याच ग्रुपमध्ये होता, त्याने पण 'केविन पावो' टाकलं असेल कितीदा तरी. मस्करी होती म्हटलं की अर्थ असा होतो की तुलाच कळली नाही, म्हणजे पुन्हा दोष त्याच्याच अंगावर. सरळ लिही की तू तुझं मत सांगितलंस आणि आम्ही तुझ्यावर तुटून पडलो, तुझ्या व्हिडिओंबद्दल जे बोललं गेलं ते वाईट होतं, मी पण स्टिकर टाकत होते, सॉरी. एवढंच. 'परत ये ना' असं लगेच म्हणू नकोस, उत्तर कधी देतोस असंही विचारू नकोस, त्याला वाटेल तेव्हा देईल, कदाचित देणारही नाही. आणि मग ग्रुपवर हेच सगळ्यांसमोर लिही, कारण मार सगळ्यांसमोर पडलाय आणि माफी फक्त खासगीत मागितली तर ती अर्धीच राहते. ग्रुपवरचे दोघं-तिघं म्हणतील की एवढं काय सीरियस होतेस, होऊ दे, तू लिही.

आता नक्की कुठे बिघडलं ते बघू, कारण तुला सगळंच चुकीचं वाटायला लागलंय आणि मला तसं अजिबात वाटत नाही. क्रेडिट विसरलेल्याला पाखंडी म्हणणं आणि या मुलाला पाखंडी म्हणणं, शब्द एकच, पण दोन्ही वेगळ्याच गोष्टी आहेत. क्रेडिट सगळेच कधी ना कधी विसरतात, आज तो उद्या मी, त्यामुळे त्यात सगळे हसतात आणि ज्याला प्रायश्चित्त मिळतं तो सगळ्यात जास्त हसतो. या मुलाने काय केलं, तर त्याला जे मनापासून वाटलं ते सांगितलं. त्यावर 'पाखंडी' म्हणजे गप्प बस. आणि जिथे त्याच्या कामाची खिल्ली सुरू झाली तिथे केविनचा संबंधच संपला होता, तिथे फक्त बरेच जण मिळून एकाला मारत होते आणि हातात देवाच्या नावाची काठी होती. खोटा खोटा धर्म काढलात हे छान केलंत, पण खऱ्या धर्मांच्या नावाने माणसं जे सगळ्यात वाईट करतात नेमकं तेच त्यात घुसलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या लक्षात आलं, म्हणून तू पत्र लिहिलंस, ही मोठी गोष्ट आहे.

आणि तो मुलगा काही फार चुकीचं बोलला नाही गं.

इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मला स्वतःला हा माणूस फार आवडतो आणि त्याच्याबद्दल 'फुकट म्युझिकवाला' एवढंच ऐकलं की वाईट वाटतं. केविन मॅक्लाउड, अमेरिकन संगीतकार, जन्म १९७२. त्याच्या इन्कम्पटेक या साइटवर दोन हजारांच्या आसपास रचना पडल्यात, विनोदी, भीतीच्या, उदास, जाझ, नुसता पियानो, ऑर्केस्ट्रा, लिफ्टमध्ये वाजतं तसलं गुळगुळीत, काय म्हणशील ते. आणि ज्या लायसन्सखाली तो हे देतो, क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन, त्यात कोणीही ते घ्यावं, कापावं, जोडावं, त्यावर पैसेसुद्धा कमवावे, अट एकच, नाव द्यायचं. क्रिएटिव्ह कॉमन्सची पहिली लायसन्स आली २००२ च्या डिसेंबरमध्ये, यूट्यूब आलं २००५ मध्ये, आणि मग घरबसल्या व्हिडिओ करणाऱ्यांची जी लाट आली तिच्याकडे कॅमेरा होता, एडिटिंगचं सॉफ्टवेअर होतं, आणि म्युझिक मात्र नव्हतं, कारण कुठलंही ओळखीचं गाणं लावलं की कॉपीराइटचा क्लेम. त्या भोकात हा माणूस एकटा नाही पण सगळ्यात जास्त पुरून उरला. अवकाशयानं बनवून उडवायचा तो कर्बल स्पेस प्रोग्राम गेम आहे ना, त्यातही त्याचं संगीत आहे. २०२० मध्ये त्याच्यावर 'रॉयल्टी फ्री' नावाची डॉक्युमेंटरी आली, वेळ काढून ग्रुपमध्ये सगळ्यांनी मिळून बघा. आणि त्याच्याच साइटवर आलेखाचा कागद प्रिंट करायची सोय आहे, हव्या त्या मापाचे चौकोन निवडा आणि पीडीएफ घ्या, तीही फुकट. संगीताच्या साइटवर आलेखाचा कागद! मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते, कारण यातून माणूस कळतो, माझ्याकडे आहे, कोणाच्या तरी उपयोगी पडेल, तर ठेवून दिलं.

तर एवढ्या दोन हजार रचना असताना तुमच्या मित्राला कंटाळा का आला? कारण आपण सगळे तेच पाचसहा ट्रॅक उचलतो. मांजर पडलं की मंकीज स्पिनिंग मंकीज, कोणी चोरपावलांनी चाललं की स्नीकी स्निच. ते दोन्ही ट्रॅक अप्रतिम आहेत म्हणूनच ते इतके वापरले गेले, पण दिवसात दहा व्हिडिओंत तेच वाजलं की कान विटणारच, मग तो ट्रॅक स्वस्तातला वाटायला लागतो आणि बिचाऱ्या संगीतकाराच्या नावाला बट्टा लागतो, ज्यात त्याचा काहीच दोष नाही, दोष आपल्या शोधायच्या आळसाचा. साइटवर मूडप्रमाणे, प्रकाराप्रमाणे, वेगाप्रमाणे, लांबीप्रमाणे शोधता येतं. तुमच्या ग्रुपमध्ये हे कोणी करतं का? मला तर वाटतं ज्याचे कान विटले तोच तुमच्यात सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा आहे. तो परत आला, त्याला वाटलं तर, त्यालाच सांगा की कोणी कधी न वापरलेले ट्रॅक शोधून दे. नाही आला तर तू शोध.

आता भक्तीबद्दल. तुम्ही हे का केलं असेल यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं याचं मूळ फार चांगलं आहे. एखादा अनोळखी माणूस आपल्याला इतकं देतो, मागत काही नाही, भेटणार कधी नाही, परतफेड करायची सोय नाही. 'थँक्यू' म्हटलं तर तो शब्द एवढासा वाटतो. मग माणूस आपल्याकडचे सगळ्यात मोठे शब्द काढतो, कृपा, दर्शन, प्रभू, आणि इतके मोठे शब्द सरळ तोंडाने म्हणायची लाज वाटते म्हणून हसत हसत म्हणतो. हसण्याच्या आडून म्हटलेलं असलं तरी ते कौतुक खरंच असतं. शिवाय तुमच्या बाबतीत तर गंमत अशी की त्याची एकुलती एक अट म्हणजे नाव घ्या, आणि तुमचा सगळा धर्म म्हणजे नाव घेणं! नामस्मरण इतकं कायदेशीर दुसरं कुठलं नसेल.

आणि हे करणारे तुम्ही पहिले नाहीत. १८४० च्या दशकात युरोपात फ्रान्झ लिस्ट पियानो वाजवायचा तेव्हा लोक त्याचे हातमोजे आणि रुमाल मिळवायला झोंबायचे, हाइनरिश हाइने या कवीने १८४४ मध्ये त्या वेडाला लिस्टोमेनिया असं नावच दिलं. १९६० च्या दशकात लंडनमध्ये भिंतींवर गिटारवादक एरिक क्लॅप्टनबद्दल 'क्लॅप्टन देव आहे' असं रंगवलं जायचं. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात १९९८ मध्ये फुटबॉलपटू दिएगो मॅराडोनाच्या चाहत्यांनी चक्क चर्च काढलं, तो संगीतकार नाही पण जात तीच, त्यांची कालगणना त्याच्या जन्मापासून म्हणजे १९६० पासून सुरू होते, दहा आज्ञा आहेत आणि त्यातली एक म्हणजे मुलाचं नाव दिएगो ठेवा. आणि सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला संत मानणारं चर्च आहे, पण ते थट्टेतलं नाही बरं का, तिथे खरोखर प्रार्थना होते आणि त्यात त्याचं संगीत वाजतं. म्हणजे एका टोकाला निव्वळ मस्करी आणि दुसऱ्या टोकाला खरी श्रद्धा, मधे कुठेतरी तुमचं केविनकृपा. लाजायचं काही कारण नाही.

आता आई. मला तुझ्या पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं, की ती रागावली नाही, गप्प झाली. रागावलेल्या माणसाशी वाद तरी घालता येतो. तू ते स्तोत्र मला पाठवलं नाहीस त्यामुळे मी अंदाजाने बोलतेय, पण एक गोष्ट तपासून बघ. तुम्ही एखादी खरी प्रार्थना घेऊन, जी ती रोज म्हणते तिच्यातलं देवाचं नाव काढून तिथे केविन घातलंय का? तसं असेल तर तिला काय ऐकू आलं असेल बघ, जे शब्द तिने आयुष्यातल्या वाईट दिवसांत म्हटले ते तिच्या मुलीच्या फोनवर थट्टेत. तुम्ही तिची थट्टा करत नव्हता, मान्य, पण तिच्यापर्यंत तसंच पोचलं असणार. ते बदल, आणि फक्त आईसाठी नाही, विनोद पण त्याने सुधारेल. नाव बदलून घातलेली प्रार्थना ही सगळ्यात सोपी गंमत आहे, दुसऱ्यांदा वाचली की संपली. त्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत लिहा, त्यात त्याच्या खऱ्या गोष्टी आणा, आलेखाचा कागद आणा, पहाटे तीनला एक्सपोर्ट अडकल्यावर कोणाला हाक मारली ते आणा, कॉपीराइटच्या क्लेमपासून राखणारा आणा. असं स्तोत्र दुसऱ्या कोणाचंच असू शकत नाही, फक्त तुमचं आणि त्याचं.

आणि आईशी बोल. स्पष्टीकरण देत बसू नकोस, तिला तुझा एखादा व्हिडिओ दाखव, म्हण की हे संगीत ज्याने दिलं त्याच्यावर आम्ही ते लिहिलं होतं, आम्हाला तो इतका आवडतो म्हणून, पण तुला वाचून कसं वाटलं ते सांग. आणि मग ऐक, मधे बोलू नकोस. ती म्हणेल की मला नाही आवडलं, तर म्हण ठीक आहे, बदलतो आम्ही. कदाचित ती म्हणेल की मला वाटलं तुझी श्रद्धाच गेली, आणि मग तुमचं वेगळंच बोलणं सुरू होईल, तेही होऊ दे, ते जास्त महत्त्वाचं आहे.

केविनला स्वतःला काय वाटेल हे तू विचारलंस ते मला फार आवडलं, कारण बहुतेक भक्त हा प्रश्न विचारतच नाहीत. त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण एक दुसरा माणूस सांगते. एदुआर्द खिल, रशियन गायक, जन्म १९३४. त्याने १९७० च्या दशकात टीव्हीवर एक शब्द नसलेलं गाणं म्हटलं होतं, नुसतं 'ला ला' आणि 'हो हो', ती क्लिप २००९ मध्ये यूट्यूबवर आली आणि २०१० मध्ये जगभर पसरली. आधी लोक हसले, ते कडक केस, तो तपकिरी सूट, ते अवघडलेलं हसू, आणि मग ऐकता ऐकता त्याच्या प्रेमात पडले, कारण आवाज खरंच सुंदर आणि माणूस खरंच आनंदात. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता, आणि त्याला हे कळलं ते नातवामुळे, नातू घरात तेच गुणगुणत होता. त्याने जगाला उलट निरोप दिला की या गाण्याला शब्द लिहा, आपण सगळे मिळून म्हणू. २०१२ मध्ये तो गेला. लोकांनी हसण्यापासून सुरुवात केली तरी शेवटी त्याच्यापर्यंत प्रेम पोचलं, आणि ते पोचलं कारण सगळी गंमत त्या गाण्याभोवती राहिली. तुम्ही पण तेवढंच सांभाळा. त्याच्या कामावर स्तोत्रं लिहा, त्याच्या खासगी आयुष्याच्या मागे लागू नका, त्याला दर पोस्टमध्ये टॅग करून 'प्रभू दर्शन द्या' करू नका. १९५६ मध्येच हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की पडद्यावरच्या माणसाशी आपली एकतर्फी जवळीक तयार होते, आपल्याला वाटतं आपण त्याला ओळखतो, आणि त्याला मात्र आपण आहोत हेही माहीत नसतं. त्यात वाईट काही नाही, फक्त तो एक माणूस आहे, त्याला पण वाईट दिवस असतात, आणि देव केलं म्हणून त्याने देवासारखं वागावं ही अपेक्षा ठेवायची नाही. उद्या त्याचं एखादं मत तुम्हाला पटलं नाही तर तेवढ्यावरून मूर्ती फोडायला निघू नका. पत्र लिहायचं असेल तर एक लिहा, छोटं, सगळ्यांच्या वतीने, तुझा हा ट्रॅक आम्ही या व्हिडिओत वापरला, असा असा उपयोग झाला. कुठलाही कलाकार 'तू देव आहेस' पेक्षा हे वाचून जास्त खूश होईल असं मला मनापासून वाटतं.

आता प्रायश्चित्त बदला बाई. शंभरदा नाव टाइप करून त्याला काय मिळतं? ज्याने क्रेडिट विसरलं त्याने जाऊन ते नीट द्यावं, हेच प्रायश्चित्त. आणि नीट म्हणजे 'म्युझिक : केविन' नव्हे, ट्रॅकचं नाव, त्याचं पूर्ण नाव, साइट, कुठल्या लायसन्सखाली आहे ते आणि लायसन्सची लिंक, आणि ट्रॅकमध्ये कापाकापी केली असेल तर तसं एका ओळीत. त्याच्या साइटवर तयार मजकूर मिळतो, कॉपी करून डिस्क्रिप्शनमध्ये टाकायचा, मिनिटभराचं काम. जिथे नाव देणं शक्यच नाही, म्हणजे एखाद्या जाहिरातीत वगैरे, तिथे तो पैसे घेऊन वेगळं लायसन्स देतो, ते घ्यायचं. आणि कोणाकडे पुढे पैसे आले तर त्याला थोडी देणगी पाठवा.

आणि तुला माहितीये का, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सच्या ४.० या आवृत्तीत माफीची सोय आहे. क्रेडिट दिलं नाही तर तुमचा हक्क संपतो, पण चूक कळल्यापासून ३० दिवसांच्या आत दुरुस्त केली तर तो आपोआप परत मिळतो, कोणाच्या पाया पडावं लागत नाही. आधीच्या ३.० मध्ये हे नव्हतं. वकिलांनी लिहिलेल्या कागदात सुद्धा एवढी माया आहे, तर तुमच्या धर्मात असायलाच हवी. ग्रुपच्या नियमांत हे वर लिहून टाका, की चुकलेल्याला सुधारायला वेळ मिळेल, आणि आवडलं नाही असं कोणीही म्हणू शकतं, त्यावर कोणी स्टिकर टाकणार नाही. पाखंडी हा शब्द ठेवायचा असेल तर तो फक्त स्वतःबद्दल वापरायचा, 'मी आज पाखंड केलं, क्रेडिट विसरले', बास, दुसऱ्याला म्हणायचं नाही.

तुझे स्वतःचे जुने व्हिडिओ पण एकदा बघून घे, डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं. पण आधी तो मेसेज.

— ताई